गोठ्यातील औषध आणि गावाचे आरोग्य

(अभ्यासपाठ)

पाठाचा उद्देश : जनावराला दिलेले औषध आणि जनावर मेल्यावर उरणारे त्याचे कलेवर ह्यांची जबाबदारी कोणाची, हे आपल्या देशात घडलेल्या एका घटनेवरून समजून घेणे.



आपल्या देशातील पशुपालन हा प्रामुख्याने लहान माणसाचा व्यवसाय आहे. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे १९ कोटी २५ लक्ष गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी मोजण्यात आल्या. त्यांतील बहुतेक जनावरे दोन-चार दावणींच्या लहान गोठ्यांत बांधलेली असतात. त्यांच्या दुधावर मुलांच्या शाळेची फी भरली जाते, बैलाच्या जिवावर पेरणी होते, आणि घरात मोठे आजारपण आले तर म्हैस विकून दवाखान्याचा खर्च भागवला जातो. म्हणून पशुपालनाच्या दुष्परिणामांविषयी बोलायचे तर गरिबाच्या पोटावर पाय न देता बोलले पाहिजे.

परंतु दुष्परिणाम आहेत, हेही नाकारता येत नाही. गोठ्यातून दूध बाहेर पडते, तसेच शेणमूत्र बाहेर पडते, रोग बाहेर पडतात आणि जनावराच्या अंगात गेलेले औषधही बाहेर पडते. शेणाचा ढीग विहिरीजवळ असू नये, दूध उकळून प्यावे, गाभडलेल्या गाईचे वार उघड्या हातांनी उचलू नये, ह्या गोष्टी आपण पुष्कळदा ऐकल्या आहेत. औषधाचा विचार मात्र क्वचित होतो. जनावर बरे झाले अथवा मेले, की औषधाचे काम संपले असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या एका समजुतीची केवढी किंमत आपल्या देशाने मोजली, ते आता पाहू या.

१. गिधाडे कोठे गेली?

१९८० च्या दशकापर्यंत गावाबाहेरच्या माळावर मेलेले जनावर टाकले की गिधाडांचा थवा उतरत असे आणि पाहता पाहता केवळ हाडे शिल्लक राहत. हा पक्षी दिसायला कुरूप, बोलण्यात शिवीसारखा वापरला जाणारा. त्याचे कौतुक कोणी करीत नसे. पण गावाच्या आरोग्याचे मोठे काम तो विनामूल्य करीत होता.

ग्वाल्हेरहून आग्र्यापलीकडे थोडे गेले की भरतपूर लागते. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करीत होत्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश ह्यांनी १९९६-९७ साली पुन्हा मोजणी केली, तेव्हा १५० च भरल्या. झाडांवर माना खाली टाकून बसलेली आणि फांद्यांवरच मरून लोंबकळणारी गिधाडे त्यांना दिसली. पुढील काही वर्षांत ती वसाहतच संपुष्टात आली. इतर प्रांतांतूनही तसेच वर्तमान येऊ लागले. १९९२ ते २००७ ह्या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे जेथे हजार होती तेथे एक उरले. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची संख्याही जवळजवळ ९७ टक्क्यांनी खाली आली. विपुल असलेला पक्षी इतक्या थोड्या काळात इतका कमी झाल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत.

२. कारणाचा शोध

प्रथम सर्वांचा तर्क चुकला. कोणी म्हणाले कीटकनाशके, कोणी म्हणाले साथीचा रोग. शेवटी उत्तर मिळाले ते पाकिस्तानातील पंजाबात काम करणाऱ्या संशोधकांना. पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मेलेली गिधाडे उघडून पाहिली. पुष्कळांच्या आतड्यांवर, यकृतावर, हृदयावर चुन्याची फक्की मारल्यासारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाली की पक्ष्याच्या शरीरातील युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि असे साचते. मूत्रपिंडे बिघडून मेलेल्या २५ गिधाडांची त्यांनी तपासणी केली. पंचविसांच्याही शरीरात डायक्लोफेनॅक हे औषध सापडले. अन्य कारणांनी मेलेली १३ गिधाडे तपासली. त्यांतील एकातही ते नव्हते. मग हे औषध टोचलेल्या म्हशी-बकऱ्यांचे मांस २० गिधाडांना खाऊ घातले. त्यांपैकी १३ मेली. हा निष्कर्ष २००४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला.

डायक्लोफेनॅक हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गुडघेदुखी, पाठदुखी ह्यांवर माणसांना ते दिले जाते. ते वेदना व सूज कमी करते. १९९० च्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागले. बैल लंगडू लागला, गाईची कास सुजली, म्हशीला ताप आला, की एक इंजेक्शन द्यायचे. जनावराला आराम पडे. म्हातारे जनावर अखेरीला आले असता, निदान त्याला कळा तरी नकोत म्हणूनही ते दिले जाई.

आता येथे नीट लक्ष द्यावे. आपल्या देशात बहुतेक राज्यांत गोवधाला बंदी वा मर्यादा आहे, आणि पुष्कळ घरांत श्रद्धेमुळेही म्हातारी गाय विकली जात नाही. म्हणून गाई-बैल आजारी पडून नैसर्गिक मरणाने मरतात. मरण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत औषध टोचलेले असले, तर ते मांसात शिल्लक असते. त्याच जनावराला उचलून माळावर टाकले, की औषधासह ते गिधाडांच्या पुढे येते. एका कलेवरावर अनेक गिधाडे एकदम बसतात. शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तेव्हा असे निष्पन्न झाले की, शंभरात एकाहूनही कमी कलेवरांत घातक प्रमाणात औषध असले तरी एवढी घट होण्यास पुरे. प्रत्यक्षात बंदीपूर्वी भारतात गोळा केलेल्या नमुन्यांत सुमारे दहा टक्के कलेवरांत हे औषध सापडले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे एकदा गेलेले लवकर भरून येत नाही.

३. पक्षी गेले, माणसांचे काय बिघडले?

कोणी विचारील, “गिधाडे मेली हे वाईट झाले खरे, परंतु माणसांच्या पोटापाण्याचे प्रश्न असताना पक्ष्यांची चिंता किती करावी?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही आकड्यांतच मिळते.

गिधाडे गेली, तरी जनावरे मरायची थांबली नाहीत. कलेवरे माळावर, नदीकाठी, नाल्यात सडू लागली. पावसाच्या पाण्याबरोबर ती घाण विहिरी-तळ्यांत उतरली. उकिरड्यावर भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले आणि त्यांची संख्या वाढली. कुत्रे वाढले, तसे चावे वाढले. चाव्यांबरोबर रेबीज आला. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. गिधाड कलेवर पूर्णपणे संपवते. कुत्रा अर्धे खातो, उरलेले ओढून वस्तीत आणतो.

एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ह्याचा हिशेब मांडला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे राहण्यास योग्य परिस्थिती होती आणि ज्यांत ती कधीच फारशी नव्हती, अशा जिल्ह्यांतील मृत्यूंची त्यांनी तुलना केली. डायक्लोफेनॅकचा वापर पसरण्यापूर्वी दोहोंतील मृत्युमान सारख्याच चालीने जात होते. नंतर गिधाडे गमावलेल्या जिल्ह्यांत ते चार टक्क्यांहून अधिक वाढले. २००० ते २००५ ह्या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू ह्या कारणाने घडले असावेत, असे त्यांचे अनुमान आहे. हे अनुमान आहे, एकेक मृत्यू मोजून काढलेला आकडा नव्हे. तरीसुद्धा क्षणभर थांबून विचार करावा : गोठ्यात दिलेले एक स्वस्त इंजेक्शन, आणि त्याच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोठे तरी कुत्रा चावलेले एखादे मूल.

४. दोष कोणाचा?

ह्या साखळीत दुष्ट माणूस शोधू गेलो तर सापडत नाही. शेतकऱ्याने दयेने औषध दिले. डॉक्टरने उपयोगी औषध लिहून दिले. दुकानदाराने परवानगी असलेली वस्तू विकली. गिधाडाला ते विष ठरेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मारक्या बैलाविषयीचा नियम आहे. बैल पूर्वी कधी मारत नव्हता आणि अकस्मात त्याने कोणाला ठार केले, तर मालक निर्दोष ठरे. परंतु बैल मारका आहे अशी मालकाला सूचना मिळालेली असून त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर दोष मालकाच्या माथी येई. त्याच अध्यायात खड्डा खणून उघडा ठेवणाऱ्यालाही भरपाई लावली आहे. सूचना मिळण्यापूर्वी आणि सूचना मिळाल्यानंतर, असे जबाबदारीचे दोन भाग तेथे केलेले आहेत. डायक्लोफेनॅकच्या बाबतीत २००४ साली सूचना मिळाली. त्यापूर्वीच्या शेतकऱ्याला आपण दोष देऊ नये. त्यानंतरच्या आपल्याला मात्र “मला काय ठाऊक?” असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मेलेले जनावर ओढून नेणे, त्याचे कातडे सोडवणे, हे काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या माथी मारले, आणि ते करतात म्हणून त्यांनाच अस्पृश्य ठरवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत हे काम सोडण्यास आपल्या बांधवांना सांगितले, ते सर्वथा योग्य होते. पण गावाने त्यानंतर त्या कामाची दुसरी व्यवस्था बहुधा केलीच नाही. “गिधाडे आहेत, कुत्री आहेत, पाहून घेतील” असे समजून जनावर वेशीबाहेर लोटले. जनावराचे दूध आपण प्यालो, त्याच्या श्रमावर आपली शेती झाली. मग त्याच्या कलेवराची व्यवस्थाही मालकाची आणि ग्रामपंचायतीची आहे. ती कोणाच्या जन्माची नाही.

५. उपाय झाले ते

कारण कळल्यावर उपायही झाले. ते सांगितलेच पाहिजेत. कारण केवळ भीती घातल्याने कोणी सुधारत नाही.

पहिला उपाय पर्यायी औषधाचा. शेतकऱ्याला “औषधच देऊ नको” असे सांगणे क्रूरपणाचे झाले असते. संशोधकांनी मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे वेदनाशामक गिधाडांवर तपासून पाहिले आणि ते त्यांना अपाय करीत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध केले. ते आरंभी महाग होते. अनेक कंपन्या बनवू लागल्या तसे स्वस्त झाले.

दुसरा उपाय कायद्याचा. २००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तान ह्या तिन्ही देशांनी जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी पळवाट राहिली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या घेऊन त्या जनावरांना टोचल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतेच असावे, असा नियम झाला. मग डायक्लोफेनॅकची जागा दुसऱ्या घातक औषधांनी घेतली. त्यांतील अॅसिक्लोफेनॅक तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. २०२३ साली भारत सरकारने केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक ह्यांवर, आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर निमेसुलाइडवर, जनावरांच्या वापरापुरती बंदी घातली. एका औषधावर बंदी आणून भागत नाही. नवे औषध बाजारात येण्यापूर्वीच ते तपासले गेले पाहिजे, हा ह्यातील धडा आहे.

तिसरा उपाय लोकांचा. नेपाळमध्ये नवलपरासी जिल्ह्यात पिठौली नावाचे गाव आहे. तेथे २००६ साली गावकऱ्यांनी बर्ड कन्झर्व्हेशन नेपाळ ह्या संस्थेच्या साहाय्याने एक व्यवस्था सुरू केली. शेतकऱ्यांना सांभाळणे परवडत नाही अशा म्हाताऱ्या गाई ते घेतात, मरेपर्यंत पोसतात, त्यांना घातक औषध देत नाहीत, आणि त्या मेल्यावर त्यांची कलेवरे मोकळ्या जागी गिधाडांसाठी ठेवतात. म्हाताऱ्या गाईची सोय झाली, शेतकऱ्याचा भार हलका झाला, आणि गिधाडांना निर्धोक अन्न मिळाले. आसपास गिधाडांची घरटी वाढली. गरीब देशातील एका खेड्याने हे करून दाखवले, हे विशेष होय.

आपल्याकडे हरियाणात पिंजोर येथे पिंजऱ्यांत गिधाडांची पैदास केली जाते. २०२४ साली महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथील जंगलांतही अशी गिधाडे आणली गेली. घट मंदावली आहे; परंतु पूर्वीची संख्या परत आलेली नाही.

६. हाच नियम दुसऱ्या औषधांना

गिधाडांची गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. तिच्यातील नियम आजही लागू आहे. कास सुजली की गाईला प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स टोचतात. त्यांचा अंश काही दिवस दुधात उतरतो. किती दिवस दूध विकू नये, हे औषधाच्या वेष्टनावर दिलेले असते. पण चार दिवसांचे दूध ओतून देणे गरिबाला जड जाते, आणि ते डेअरीत जाते. दूध उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र खात्रीने जात नाही. अशा औषधांच्या अनावश्यक वापराने जंतू त्यांना सरावतात आणि मग माणसाच्या आजारात तीच औषधे निरुपयोगी ठरतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास घातले जात होते. २०१९ साली भारत सरकारने मांस, दूध व अंडी देणाऱ्या पशुपक्ष्यांत त्याचा वापर बंद केला.

येथे शहरातील वाचकांचाही संबंध येतो. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या कुटुंबाकडे गाय नसेल, पण दुधाची पिशवी रोज येते. सर्वांत स्वस्त दूध कोणते एवढेच आपण विचारीत राहिलो, तर आजारी गाईचे दूध बाजूला ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान भरून देण्यास कोणीही तयार होणार नाही.

७. आपण काय करावे?

(अ) जनावराला वेदनाशामक द्यावयाचे असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, “मेलॉक्सिकॅम चालेल काय?” माणसांचे औषध घरच्या घरी जनावराला टोचू नये.

(आ) कोणते औषध कोणत्या तारखेला दिले, ते वहीत लिहून ठेवावे. दूध किती दिवस विकू नये, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

(इ) औषध दिल्यानंतर जनावर मेले, तर ते उघड्यावर टाकू नये. विहीर, ओढा, तळे ह्यांपासून दूर, सुमारे सहा फूट खोल खड्डा खणून, चुना टाकून पुरावे. एकट्याला ते जमत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने त्यासाठी जागा राखून ठेवावी आणि पुरण्याच्या कामाची योग्य मजुरी द्यावी.

(ई) जनावर अकस्मात मेले आणि नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर ती काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. असे कलेवर उघडू नये, कातडे सोडवू नये. त्वरित पशुवैद्यांना कळवावे.

(उ) कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद, मिरची, चुना लावून वेळ दवडू नये. लशीची सर्व इंजेक्शने ठरलेल्या तारखांना पूर्ण करावीत.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात अथवा वस्तीजवळ मेलेली जनावरे सध्या कोठे जातात? ते काम कोण करते, आणि त्यांना त्याचा योग्य मोबदला मिळतो काय?

२. वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या भागात गिधाडे शेवटी केव्हा दिसली होती? त्यानंतर गावात काय बदलले?

३. आजारी गाईचे चार दिवसांचे दूध विकू नये, हे नियमाने ठीक आहे. परंतु ते नुकसान शेतकऱ्याने एकट्याने सोसावे काय? दूध सोसायटी आणि गिऱ्हाईक ह्यांचा वाटा काय असावा?

४. ग्रामपंचायतीपुढे मांडता येईल अशी एक मागणी गटाने एकत्र बसून लिहून काढावी. ती घेऊन कोण, कोणत्या दिवशी जाणार, हेही तेथेच ठरवावे.